येऊरच्या पायथ्याशी एक पावसाळा: ख्रिस्ती पर्यावरण निवासी कार्यक्रमाचा माझा अनुभव

बरेच जण अजून विचारतात की तू नक्की कुठे गेली होतीस, कॉन्व्हेंटमध्ये का, की एनजीओचा कॅम्प होता, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं. 2024 च्या जुलैपासून ऑक्टोबर संपेपर्यंत मी ठाण्यात, उपवनच्या वरच्या अंगाला, येऊरच्या डोंगराला टेकून असलेल्या एका जुन्या कौलारू घरात राहिले. एका ख्रिस्ती कुटुंबाने ते घर आणि मागची जागा या कामासाठी वापरायला दिलीय. आम्ही सात-आठ जण होतो, सगळे वेगवेगळ्या चर्चचे, वसईची एक कॅथलिक मुलगी, पुण्याचा मेथडिस्ट दादा, केरळचं पण डोंबिवलीत वाढलेलं एक जोडपं, मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), आणि सगळ्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर आणि शेतीखात्यातून रिटायर झालेले एक काका. एकत्र राहायचं, एकत्र स्वयंपाक, प्रार्थना, बागेत काम, बायबलचा आणि पर्यावरणाचा अभ्यास, आणि आठवड्यातून एकदा खाडीवर. एवढंच. पण ते चार महिने राहून करायचं, येऊन-जाऊन नाही.

हे राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दलच मला बोलायचंय. कारण आपल्याकडे पर्यावरण म्हणजे 5 जूनला चर्चच्या आवारात एक रोप लावायचं, पाळकसाहेब प्रार्थना करणार, युवक संघाचा ग्रुप फोटो, आणि पुढच्या 5 जूनला त्याच खड्ड्यात परत रोप. मीसुद्धा अशा फोटोंमध्ये आहे. मला कोणावर टीका करायची नाहीये, मनापासूनच करतात सगळे, पण एका दिवसात जमीन आपल्याला काही सांगत नाही हो. तिच्याजवळ राहावं लागतं.

घरी सांगितलं तेव्हा पप्पांना अजिबात पटलं नव्हतं. ऐरोलीतली बॅक ऑफिसची चांगली नोकरी सोडून झाडांना पाणी घालायला जाणार का, असं म्हणाले. आई गप्प होती, मग दोन दिवसांनी म्हणाली जाऊ द्या तिला, ठाण्यातच आहे, कळव्यावरून किती लांब. फॉर्म भरला, पाळकसाहेबांचं पत्र जोडलं, मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. मी बायबलचे संदर्भ पाठ करून बसले होते आणि सिस्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की तुमच्या घरचा कचरा कोण बाहेर नेतं, आणि तो पुढे कुठे जातो. पहिल्याचं उत्तर आई. दुसऱ्याचं मला सांगता आलं नाही. पैसे ज्याला जेवढे झेपतील तेवढे द्यायचे होते.

अशा ठिकाणांची कल्पना तशी नवी नाहीये. बेनेडिक्टाईन मठांमध्ये सहाव्या शतकापासून प्रार्थना आणि हाताचं काम एकत्र चालत आलंय. आणि आत्ताच्या काळातलं बघायचं तर 1983 साली पीटर आणि मिरांडा हॅरिस या इंग्लिश जोडप्याने पोर्तुगालमध्ये आल्व्होरच्या खाडीकाठी 'आ रोशा'चं काम सुरू केलं, तिथे लोक एका घरात राहून पक्षी मोजायचे, अभ्यास करायचे, प्रार्थना करायचे, आणि आता ती संस्था भारतासकट बऱ्याच देशांत आहे. आमच्या घराचा त्या संस्थेशी संबंध नव्हता पण सिस्टर त्यांचं उदाहरण नेहमी द्यायच्या. तिथेही खाडीच होती ना.

दिवस साधारण असा जायचा. साडेपाचला उठायचं, सहाला ओसरीवर प्रार्थना, त्यात रोज एक स्तोत्र. 104 वं स्तोत्र इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ झालंय, झरे, रानगाढवं, करकोचे, सिंहाची पिल्लं, सगळ्यांना देव खायला देतो ते. माणूस त्यात येतो, पण त्या सगळ्यांमधला एक म्हणून येतो, सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळपर्यंत राबतो, बस. त्यानंतर नाश्त्यापर्यंत बागेत. मग अभ्यास, मग ज्याची पाळी असेल त्याने स्वयंपाक. रविवारी काहीही काम नाही, अगदी तण उपटणंसुद्धा नाही, फोन शनिवारी रात्री सिस्टरांच्या कपाटात. पहिले काही रविवार मला नुसती चुळबुळ व्हायची, नंतर नंतर मी शनिवारची वाट बघायला लागले.

अभ्यासात पहिल्याच आठवड्यात आम्हाला जे वाचायला दिलं ते आमच्याच विरुद्ध होतं. 1967 साली लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला होता की आजच्या पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, माणूस निसर्गाचा मालक आहे ही समजूत तिथून आली. वाचून पुण्याचा दादा जाम चिडला. सिस्टर म्हणाल्या चिडू नकोस, आधी उत्तर शोध. मग उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले, पहिल्यात पृथ्वी सत्तेखाली आणा असं आहे आणि दुसऱ्यात आदामाला एदेन बागेत ठेवलंय ते तिची मशागत आणि राखण करायला. मग जुन्या करारातले जमिनीचे कायदे काढले, सातव्या वर्षी शेत पडीक ठेवा, त्यात उगवेल ते गरिबांनी खावं आणि उरलेलं रानातल्या जनावरांनी, वेढा घातलेल्या शहराची फळझाडं तोडू नका, घरट्यात पक्षीण पिल्लांवर बसली असेल तर तिला धरू नका. मी लहानपणापासून संडे स्कूलला गेलेय, हे कोणी शिकवलंच नव्हतं. आणि ज्या व्हाइटने आरोप केला त्यानेच त्याच लेखात शेवटी म्हटलं होतं की पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून असिसीच्या फ्रान्सिसला माना, आणि 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी खरंच तसं जाहीर केलं. पुढे 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पत्रक आलं, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे असं सांगणारं. आम्ही प्रोटेस्टंट पण ते पूर्ण वाचलं, वसईच्या मुलीने समजावून सांगत सांगत.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते फादर हर्मन बाखर यांचं काम. स्वित्झर्लंडचे जेसुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू, आयुष्य नगर भागातल्या दुष्काळी गावांत घालवलं, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्यामुळे उभा राहिला आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबोंबरोबर त्यांनी 'वॉटर' (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था सुरू केली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरावर समतल चर, आणि गावाचं स्वतःचं श्रमदान. आमचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं, आजी बाखरबाबा म्हणायची ते मला तेव्हा आठवलं, लहानपणी वाटायचं हे कोणीतरी चर्चचे फादर असतील. त्यांचा पाण्याशी काय संबंध हे मला येऊरला बसून कळलं.

आणि मग 25 जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेल्याची बातमी आली. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, वसईची मुलगी फोन हातात धरून रडत होती. बाकी महाराष्ट्राला ते 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत, पण तिच्यासाठी ते हरित वसईवाले फादर, बिल्डर लॉबी आणि टँकरवाल्यांच्या विरोधात गावंच्या गावं रस्त्यावर उतरली त्याचे फादर. तिने त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्हाला वसईच्या विहिरी, वाड्या, केळी, पानवेली सगळं सांगितलं, तिच्या आईवडिलांनी मोर्च्यात काय काय पाहिलं ते. अभ्यासाच्या तासात जे आम्ही कागदावर वाचत होतो ते एका घरात घडलेलं होतं. दुसऱ्या दिवशीची प्रार्थना तिनेच घेतली.

बागेचं सांगायचं तर सगळ्यात मोठा वाद गोगलगायींवरून झाला, आणि त्यातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच लेक्चरमधून नाही. पावसाळ्यात त्या मोठ्या शंखाच्या गोगलगायी येतात ना, हाताच्या पंजाएवढ्या, त्यांनी एका रात्रीत आमची वांग्या-भेंडीची सगळी रोपं साफ केली. पुण्याचा दादा म्हणाला दुकानातून गोळ्या आणून टाकू. काकांनी सांगितलं त्या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रं मरतं, पक्ष्यांनाही धोका. मग हाताने वेचून मारायच्या. त्यावर डोंबिवलीची ताई म्हणाली मी देवाने निर्माण केलेला जीव मिठाच्या पाण्यात टाकणार नाही, आपण इथे राखण करायला आलोय ना? दादा म्हणाला मग रोपं कोणी निर्माण केली. दोन दिवस जेवताना कोणी कोणाशी बोलेना. घराचा नियम होता मत्तयच्या 18 व्या अध्यायातला, भाऊ चुकला वाटलं तर आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन बोल, बाकीच्यांना मध्ये आणू नकोस. दादा गेला. दोघं संध्याकाळी कट्ट्यावर बसून बराच वेळ बोलले.

शेवटी ठरलं ते असं. काकांनी समजावलं की ही आफ्रिकन गोगलगाय आपल्याकडची नाहीच, 19 व्या शतकात कोलकात्यात बाहेरून आणली गेली आणि मग देशभर पसरली, तिला खाणारं इथे फारसं कोणी नाही, ती राहिली तर इथल्या बऱ्याच गोष्टी जातील. म्हणजे माणसाने एकदा केलेल्या कामाची जबाबदारी आता माणसालाच घ्यायला लागते, हात झटकून चालत नाही. मग रात्री टॉर्च घेऊन, ग्लोव्हज घालून, उघड्या हाताने अजिबात नाही कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, ओली गोणपाटं पसरून ठेवायची आणि त्याखाली जमलेल्या वेचायच्या. ताई वेचायला आली, मारायच्या वेळी मात्र आत गेली आणि तिला कोणी काही बोललं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की सृष्टीची काळजी हे गोड गोड काम नाहीये, त्यात निर्णय घ्यायला लागतात आणि ते निर्णय झोंबतात.

ओल्या कचऱ्याचं पण तसंच. येऊर म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कला लागून, बिबट्या येतो-जातो. उघड्यावर खरकटं टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, म्हणून खताचे ड्रम झाकणाचेच, रात्री बाहेर काहीही ठेवायचं नाही. पावसाळ्यात ड्रमला वास सुटायचा, कारण हवेतच ओल, तेव्हा ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला, नारळाची शेंडी, लाकडाचा भुसा घालायचा आणि दोन दिवसाआड खालीवर करायचं. आम्ही मेमध्येच गोळा करून ठेवलेला पाला वापरत होतो, म्हणजे आमच्या आधीच्या बॅचने केलेला.

पाण्याचा हिशोब काकांनी एकदा पाटीवर मांडला तो कायमचा डोक्यात बसला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस, जो ठाण्यात जुलैत काही विशेष नाही, म्हणजे दहा हजार लिटर पाणी एका दिवसात पन्हाळीतून वाहून जातं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. आणि वरच्या पाड्यावरच्या आजी आम्हाला सांगायच्या की मे महिन्यात एका हंड्यासाठी किती थांबायला लागतं. एकाच डोंगरावर, बघा. आमच्या छपराचं पाणी टाकीत घेतलं होतं, भांडी, बाग, संडास सगळं त्यावर.

या आजी वारली, पाड्यावरून आमच्याकडे भाज्या घेऊन यायच्या. त्यांच्याकडून मी फोडशी, कुर्डू, भारंगी ओळखायला शिकले, आणि शेवळं काकडांशिवाय (ती रानातली आंबट फळं) शिजवली तर घसा खाजतो हेही. त्या वर्षी कारवी फुलली होती, डोंगरउतारावरचं झुडूप, आठ वर्षांनी एकदा फुलते, 2016 नंतर 2024. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डोंगराचा उतार जांभळा झाला आणि शहरातून लोक फोटो काढायला यायला लागले. आजींना फुलांचं कौतुक होतंच पण त्यांची नजर काठ्यांवर, कारण फुलून गेली की कारवी वाळते, आणि वाळलेल्या काठ्यांचा कूड करून वर शेणमातीचं लिंपण केलं की भिंत उभी राहते. पुढच्या पावसाच्या तोंडाशी बोंडं तडकतात, बी उडतं, आणि परत सात वर्षं नुसतीच वाढ. मला सातव्या वर्षीच्या पडीक शेताचं आठवलं, प्रार्थनेत ते बोललेही. पण सांगायचंय ते वेगळंच, की राखण कशी करायची हे त्या डोंगरावर ज्यांना आधीपासून येत होतं त्यांच्याकडे आम्ही शिकायला गेलो होतो. सिस्टर हे पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, अंगवळणी पडायला ऑक्टोबर उजाडला.

खाडीवरचं काम दर शनिवारी, ओहोटी बघून, वनखात्याची परवानगी घेऊन आणि त्यांचा माणूस बरोबर असेल तेव्हाच. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, पण आम्ही होतो तेव्हा फ्लेमिंगो नव्हते, ते साधारण नोव्हेंबरपासून जमतात. आमच्यासमोर होती तिवरं, म्हणजे खारफुटी, आणि चिखल. तिवराच्या पानाच्या मागे जीभ लावून बघा, खारट लागतं, झाड आत आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. आणि चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं, ती श्वास घेतात. त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या अशा घट्ट बसलेल्या असतात की ओढून निघत नाहीत, एकेक मूळ मोकळं करायला लागतं, बोटांनी, गाळ पुसत. जोरात ओढलं तर मूळच तुटतं. एका तासात मी साधारण चटईएवढी जागा मोकळी करू शकायचे. पुढच्या अमावस्येच्या उधाणाला परत तेवढंच प्लास्टिक.

मी वैतागले होते, खरंच. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका जाळं साफ करत बसले होते, ते म्हणाले, "पोरी, खाडी काय प्लास्टिक पिकवत नाय. नाल्याकडं बघ." मग सिस्टरांनी आमचं काम अर्धं अर्धं केलं, निम्मे तिवरात आणि निम्मे नाल्यावर. एक गोणी घरी आणून अंगणात वेगळी केली, एकेक वस्तू. वेफर्सची पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शेकडो, नखाएवढे. ते एवढे लहान की कोणी उचलत नाही. तेव्हापासून आमच्या घरात पिशवीचा कोपरा पूर्ण कापत नाहीत, अर्धवट चीर द्यायची म्हणजे तुकडा पिशवीलाच राहतो. आईने हे सगळ्या बिल्डिंगला शिकवलंय.

त्या गोणीत थर्माकोलच्या ताटांचे तुकडेही निघाले. 2018 पासून महाराष्ट्रात बंदी आहे त्याच्यावर. आणि आमच्या चर्चच्या जेवणात, वर्धापनदिनाला, नाताळला, तीच ताटं वापरतात हे मला तिथे चिखलात उभं राहून डोळ्यासमोर आलं. गणपतीच्या दिवसांत आम्ही विसर्जनाच्या कृत्रिम तलावाजवळ मंडळाच्या पोरांबरोबर निर्माल्य वेगळं करायला उभे होतो, तिथली पोरं मनापासून काम करत होती, त्यांचं बघून मला आपल्या चर्चचं जास्तच बोचलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वसईच्या मुलीच्या ओळखीने एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, गावठाणात आगेऱ्याला, त्यांच्या सुगीच्या सणाला गेलो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग घरोघरी एकेक लोंबी. लुगडं नेसलेल्या आज्या, बँड, आणि आजूबाजूला चारी बाजूंनी टॉवर. भात कुठून आणलं विचारलं तर म्हणाले विकत आणलंय, गावात शेतच उरलं नाही. तरी दरवर्षी आणतात. मला रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं की आपापल्या ठिकाणी परत गेल्यावर काय करणार, मोठं काही नको, जे पुढच्या वर्षीही चालू राहील असंच. दादाने पुण्यात चर्चच्या आवारात खताचे ड्रम लिहिले. वसईच्या मुलीने विहिरींची नोंद. मी लिहिलं, ताटं. पास्टोरेट कमिटीसमोर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीसमोर, दोनदा मांडायला लागलं, खर्च कोण करणार, धुणार कोण, पाणी किती जाईल, सगळे प्रश्न बरोबरच होते आणि पाण्याचं गणित तर मी पाटीवरच करून दाखवलं. महिला मंडळाने निम्मे पैसे दिले, बाकी लोकांनी एकेक डझन दिली. आता चर्चची स्वतःची स्टीलची ताटं, वाट्या, पेले आहेत, कळव्यातली आजूबाजूची मंडळीही बारशाला, वाढदिवसाला घेऊन जातात, फक्त घासून परत द्यायची आणि वहीत सही करायची. वही माझ्याकडे असते. नाताळच्या जेवणाची धुवायची पाळी या वेळी युवक संघाची आहे, आणि पप्पांनी न सांगता त्यात स्वतःचं नाव घातलंय.